पोटनिवडणुकीतला उंट

उंट काढायला मोठं अवघड जनावर आहे. बैल सोपा. वशिंड उचललं, शिंगं वळवली की लांबून पाहणाराही म्हणतो, बैल. वाघ त्याहून सोपा. पट्टे मारले की झालं, तोंड चुकलं तरी वाघाला विचारायला कोण जातो! उंटाची मान मात्र कुठून निघते आणि कुठे पोचते, हे उंट समोर उभा असल्याशिवाय कळत नाही. आणि आमच्या भंडारा जिल्ह्यात, धानाच्या बांध्यांमध्ये, उंट कुठून उभा राहणार? तरीही एका हिवाळ्यात मी आणि माझा साळा मनोहर, आम्ही दोघांनी मिळून इतके उंट काढले, की झोपेतसुद्धा माझा हात हवेत कुबड काढायचा. असं माझी बायको अजून सांगते.

मी पेंटर. आज पेंटर म्हटलं की लोकांना घराला रंग देणारा वाटतो. आमच्या वेळी तुमसरात पेंटर म्हणजे अक्षरं काढणारा. राइस मिलच्या भिंतीवरचं नाव, चिखल्याच्या खाणीवरच्या ‘सावधान’च्या पाट्या, ट्रकच्या मागच्या फळीवरचे गुलाब, दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते तिथल्या नाटकांचे पडदे, हे सगळं आमच्या हातचं. एक पडदा जंगलाचा, एक राजवाड्याचा, एक पाटलाच्या घराचा. तेवढ्यात कुठलंही नाटक बसायचं.

निवडणूक आली की आमची सुगी. आधी भिंत धरायची. म्हणजे घरमालकाला विचारून कोपऱ्यात उमेदवाराचं नाव बारीक लिहून ठेवायचं, मग दुसऱ्या पेंटरनं तिथे हात लावायचा नाही. हा आमचा आपसातला कायदा, आणि तो कधी कोणी मोडला नाही. मग भिंतीला चुना पोतायचा. चुना वाळला की दोरीला गेरू लावून, दोन टोकांना धरून ती फटकन भिंतीवर मारायची, सरळ रेघ उमटते. त्या रेघेवर अक्षरं. साध्या कामाला नीळ आणि गेरू, त्यात डिंक घोळलेला. हे एका पावसाळ्यात धुऊन जातं. उमेदवार पैसेवाला असेल तर ऑइल पेंट. तो मात्र भिंत पडेपर्यंत राहतो.

पेंटरला पक्ष नसतो. सकाळी एकाचा विजय असो, दुपारी दुसऱ्याचा विजय असो, हे आमच्या धंद्यात चालतं आणि कोणी त्याचं वाईटही मानत नाही. पण त्या हिवाळ्यातल्या पोटनिवडणुकीत माझी जी ओढाताण झाली, तशी आधी झाली नव्हती आणि नंतरही नाही.

आणीबाणी उठून काही वर्षं झाली होती. मतदारसंघाचं नाव लिहीत नाही, पक्षाचंही नाही. त्या माणसांची मुलंबाळं आज जिल्ह्यातच आहेत. तिथले आमदार म्हणजे गुरुजी. शाळामास्तरकी सोडून राजकारणात आलेले, अंगात खादीचा सदरा, पायात टायरच्या चपला. आमदार झाल्यावरही सायकलवर हिंडायचे. मतदारसंघाच्या मधून नदी जाते. पलीकडच्या गावांना पावसाळ्यात डोंग्याशिवाय, म्हणजे लाकडी होडीशिवाय, रस्ता नव्हता. बाळंतीण असो की साप चावलेला माणूस, डोंगेवाला असेल आणि नदीला लोंढा नसेल, तरच तो तालुक्याला पोचायचा. गुरुजींनी निवडणुकीत सांगितलं होतं, “दोन पावसाळ्यांत पुलाचं काम सुरू झालं नाही, तर मी आमदार राहणार नाही.”

असं सगळेच सांगतात. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि विसरून गेले. दोन पावसाळे गेले. पुलाची पाहणी झाली, पाहणीची पाहणी झाली, नदीकाठी एक लाकडी खुंटी ठोकली गेली, ती कोणीतरी चुलीत घातली. आणि एके दिवशी गुरुजींनी खरोखर राजीनामा दिला.

सगळ्यांना धक्का बसला. पक्षवाले संतापले, कारण सरकार त्यांचंच होतं. सांगायची गोष्ट अशी की लोकही फार खूश झाले नाहीत. बाजारात मी स्वतः ऐकलं, एक जण म्हणत होता, “असं कोणी खरंखरं करते का गा? बोलायची गोष्ट वेगळी.”

पोटनिवडणूक लागली. पक्षानं तुमसरच्या एका राइस मिलच्या मालकाला तिकीट दिलं. त्यांना सगळे सेठजी म्हणायचे. माझं त्यांच्याकडे बारमाही काम. मिलची पाटी माझी, पोत्यांवर मारायचा पत्र्याचा छाप माझा, त्यांच्या मुलीच्या लग्नातली कमान माझी. माणूस जाडजूड, हसरा आणि खर्चाला मोकळा. आणि गुरुजी अपक्ष उभे राहिले.

आता इथे आमच्या धंद्यातली अडचण सांगतो. गुरुजी पक्षाच्या चिन्हावर आधी दोनदा निवडून आले होते. दोन्ही वेळा भिंती मी रंगवल्या होत्या, त्याही ऑइल पेंटनं. गावोगाव पक्षाचं चिन्ह आणि त्याखाली गुरुजींचं नाव, अजून नवं दिसावं असं झळकत होतं. चिन्ह पक्षाचं, त्यामुळे आता ते सेठजींचं. म्हणजे मला करायचं एवढंच होतं की खालचं नाव खोडायचं आणि तिथे सेठजींचं लिहायचं. पण त्या वेळी निम्मा मतदारसंघ नाव वाचतच नव्हता. चित्र पाहत होता. चित्र दिसलं की लोकांना गुरुजी आठवायचे. लोक गुरुजींवरच्या मायेनं जाऊन सेठजींच्या चिन्हावर शिक्का मारणार, हे मला शिडीवर उभ्या उभ्या दिसत होतं.

नावं खोडत मी हिंडत होतो, तेव्हा एका संध्याकाळी गुरुजी दुकानात आले. सायकल भिंतीला टेकवली आणि म्हणाले, “पेंटर, माझं काम करणार का? सेठजींचं करता आहात हे माहीत आहे.”

“त्यात काय, गुरुजी. चिन्ह काय मिळालं?”

गुरुजी जरा लाजले. “सायकल मागितली होती. दुसऱ्या एका अपक्षानंही तीच मागितली. चिठ्ठी टाकली, ती त्याला गेली. छत्री मागितली, तीही गेली. मग जे उरलं होतं ते घेतलं.”

“काय उरलं होतं?”

“उंट.”

मनोहर पोत्याचा छाप धूत होता, तो हसता हसता पाण्यात हात आपटायला लागला. गुरुजीही हसले. मग म्हणाले, “हसून घ्या. उद्यापासून तुम्हालाच काढायचा आहे.”

पहिला उंट मी रेल्वेस्टेशनच्या रस्त्यावरच्या एका भिंतीवर काढला. निवडणूक कचेरीतून मिळालेल्या कागदावर एक टिचभर छापील उंट होता, तो पाहून. काढून झाल्यावर मागे सरकून पाहिलं, मला बरा वाटला. तेवढ्यात धानाची बैलबंडी हाकत एक शेतकरी चालला होता, तो थांबला.

“पेंटर, हे काय होय जी?”

“तुम्हीच सांगा.”

त्यानं बराच वेळ पाहिलं. “म्हैस पान्यातून बाहेर निघून राहिली असन.”

दुसरा उंट बैलासारखा झाला. वशिंड काढायची हाताला सवय, कुबड आपोआप खांद्यावर गेलं. तिसऱ्याची मान हंसाची झाली. मनोहरनं काढलेल्या एका उंटाला तर एका गावात बायकांनी गाढव ठरवलं आणि घरमालकानं तक्रार केली, “माह्या भिंतीवर गधा कायले काढला?” हळूहळू हात बसला. मान खाली लोंबवून मग वर घ्यायची, ओठ थोडा लोंबता ठेवायचा, पाय लांब आणि गुडघे फुगीर. पण कुबड ठसठशीत हवं. ते एक जमलं की बाकीचं लोक समजून घेतात.

नदीकाठच्या एका गावात बाजाराच्या रस्त्यावर भागरथाबाईचं घर होतं. मोठी पांढरी भिंत, येणाराजाणारा हमखास पाहील अशी. सगळ्यांनाच ती हवी होती. भागरथाबाई विधवा, दोन मुलं नोकरीवर बाहेर, स्वतः धानाची बांधी कसायची, आणि गावात तिच्या तोंडाला लागायची कोणाची हिंमत नव्हती. सेठजींच्या माणसांना तिनं वाटेला लावलं होतं. मी गुरुजींसाठी विचारायला गेलो तर म्हणाली, “पेंटर, तू कामाचा मानूस. तुह्याशी भांडन नाई. ज्याले भिंत पायजे त्याले पाठव.”

गुरुजी स्वतः आले. मी आणि मनोहर चुन्याची बादली घेऊन बाजूला उभे. भागरथाबाईनं त्यांना खाटेवर बसवलं, पाणी दिलं आणि समोर उभी राहिली.

“गुरुजी, एक सांगा मले. आमी तुमाले निवडून देल्लं. तुमी सोडून देल्लं. सोडलं काहून, न आता मांगता काहून?”

एवढा सरळ प्रश्न त्यांना कुठल्या सभेत कोणी विचारला नव्हता. गुरुजींनी पेला खाली ठेवला.

“शब्द दिला होता, बाई. पूल झाला नाही.”

“ते मालूम हाय. पन तुमी घरी बसल्यानं पूल होते का? माही सून मागच्या पावसाळ्यात या थडीवर अडकली होती, नदी उतरेवर. तिची माय पलीकडे बिमार. तिच्या मायले तुमचा राजीनामा नाई पायजे होता जी. डोंगा पायजे होता.”

मनोहर माझ्याकडे पाहायला लागला. मला वाटलं, आता गुरुजी उठतील. ते म्हणाले, “बरोबर आहे तुमचं. मला वाटलं होतं, राजीनामा दिला की सरकार हलेल. नाही हललं. माझा अंदाज चुकला. म्हणून पुन्हा विचारायला आलो आहे. या वेळी तुमचा हुकूम घेऊन जाईन. पूल होईतो सोडणार नाही.”

भागरथाबाईनं खालचा पेला उचलला. मग म्हणाली, “न तुमी हारले तं? तं हा उंट आमी किती वर्सं पाहाचा?”

“हरलो तर स्वतः येऊन चुना मारून देईन. इथेच नाही, प्रत्येक घरी.”

“मंग काढ गा पेंटर,” ती म्हणाली. “पन तोंड माह्या दाराकडे नको करू.”

त्या भिंतीवरचा उंट माझा सर्वांत चांगला. जीव ओतून काढला होता.

खरं संकट पुढेच होतं. उमेदवारांची छापील यादी हाती आली आणि कळलं, कोणीतरी एक अनोळखी इसम अपक्ष उभा आहे, त्याला ना कोणी पाहिलेलं, ना त्याची सभा, ना जीप. त्याचं चिन्ह घोडा. मी मतपत्रिकेचा नमुना मागवून पाहिला. तेवढ्याशा जागेत काळ्या शाईनं छापलेला घोडा आणि काळ्या शाईनं छापलेला उंट, दोघांना चार पाय, दोघांना लांब मान. म्हातारी माणसं, अधू नजरेची, शाळेच्या अंधाऱ्या खोलीत पडद्याआड उभी राहणार आणि हातात शिक्का. तो घोडा सेठजींच्याच माणसांनी उभा केला असं लोक म्हणायचे. मी सेठजींना एकदा विचारलंही. त्यांनी गळ्याला हात लावून शपथ घेतली. खरं काय ते देव जाणे.

मी गुरुजींना म्हटलं, “आता नुसता उंट काढून भागणार नाही. लोकांना कुबड दाखवायला पाहिजे.” त्यावर मनोहर, ज्यानं आयुष्यात दोन ओळी जुळवल्या नव्हत्या, तो ब्रश धुता धुता म्हणाला, “ज्याच्या पाठीवर कुबड, त्याचीच करा निवड.” गुरुजींनी त्याची पाठ थोपटली. दोन-तीन दिवसांत ती ओळ सगळ्या मतदारसंघात झाली. पावसाळ्यात धानाच्या रोवणीला गाणी म्हणणाऱ्या बायकांनी तिला त्या गाण्यांची चालही लावली. एका गावात तर पाठीत वाक आलेल्या एका म्हाताऱ्याला लोक गमतीनं ‘उमेदवार’ म्हणायला लागले. तोही ऐटीत हात जोडायचा.

याच सुमारास गुरुजींना पोलीस चौकीत जावं लागलं.

झालं असं. मनोहरनं सेठजींच्या एका भिंतीवर लिहिलं होतं, ‘प्रचंड बहूमताने विजयी करा’. गुरुजी दुपारी तिथून सायकलवर चालले होते. त्यांना तो दीर्घ ऊकार दिसला. मास्तरकी सुटली तरी मास्तर सुटत नाही. माझी बादली आणि ब्रश भिंतीशीच होते, आम्ही झाडाखाली शिदोरी सोडून बसलो होतो. गुरुजींनी ब्रश उचलला आणि ‘हू’चा ‘हु’ करायला घेतला. सेठजींच्या कार्यकर्त्यांनी लांबून पाहिलं, की विरोधी उमेदवार आपली भिंत बिघडवतो आहे. आरडाओरडा झाला, आणि आम्ही हातातला घास टाकून पळत येईपर्यंत मंडळी गुरुजींना घेऊन चौकीत.

जमादार बिचारा गुरुजींचा जुना विद्यार्थी. टोपी काढून उभा राहिला. “काय करून राहिले होते जी तुमी?”

“ऱ्हस्व.”

“म्हंजे?”

“बहुमत. ‘हु’ ऱ्हस्व आहे. तुला चौथीत शिकवला होता.”

जमादारानं कागद पुढे ओढला, ‘बहुमत’ लिहून पाहिलं आणि घाम पुसला. तेवढ्यात सेठजींची जीप आली. कार्यकर्ते जोरजोरात सांगायला लागले. सेठजींनी ऐकून घेतलं आणि पोट धरून हसायला लागले.

“अरे, गुरुजीनं सुधारलं तं बराबरच सुधारलं असन! सोडा त्याईले. न पेंटर, बाकीच्या भिंती बी एकदा गुरुजीले दाखवून घे.”

गुरुजींनी दाखवून घेतल्याही. मी अशी निवडणूक पाहिली, जिच्यात एका उमेदवाराचं शुद्धलेखन दुसऱ्या उमेदवारानं तपासलं.

मतदानाला थोडे दिवस उरले असताना काठेवाडी आले. दर हिवाळ्यात धान निघालं की हे मेंढपाळ मोठमोठे कळप घेऊन आमच्या बाजूला उतरतात. शेतात मेंढ्या बसवतात, खत होतं. त्यांच्या बायकांच्या हातात पांढऱ्या बांगड्या कोपराच्या वरपर्यंत, आणि सामान, कोंबड्या, लेकरं सगळं उंटावर लादलेलं. दर वर्षी ते यायचे, पण लांबून शेतातून निघून जायचे, कोणी बारकाईनं पाहायचं नाही. त्या वर्षी भागरथाबाईच्या गावच्या आठवडी बाजारात त्यांच्यातला एक जण मीठमिरची घ्यायला उंट घेऊनच आला.

बाजार थांबला. अक्षरशः. वांगीवाली तागडी हातात धरून उभी राहिली. मी त्याच रस्त्यावर भिंतीला दुसरा हात देत होतो. लोक एकदा माझ्या उंटाकडे पाहत, एकदा खऱ्याकडे.

“अगे माय! हेच का ते कुबड?”

“हात लावून पाहा, काय करत नाई.”

“घोड्याले असं रायते का? नाई रायत. आता समजलं!”

भागरथाबाई पुढे आली. तिनं काठेवाड्याला हिंदीत विचारलं, “ये काटता क्या, भैय्या?” तो म्हणाला, “नहीं, माई.” तिनं उंटाच्या कुबडावर हात ठेवला आणि मागे वळून बायकांना सांगितलं, “पाहून घ्या वो सगळ्या जणी. शिक्का माराच्या वक्ती हे आठवा.” बायका एकेक करून पुढे आल्या, हात लावून गेल्या. काठेवाड्याला वाटलं, ही इथली काहीतरी पूजा असेल. तो हात जोडून उभा राहिला. त्याला काय माहीत, तो त्या दिवशी कोणत्याही पुढाऱ्यापेक्षा मोठी सभा घेत होता. मी तेवढ्यात उंटाची मान नीट पाहून घेतली. माझ्या सगळ्या उंटांची मान चुकलेली होती. पण आता कोणाला पर्वा होती!

उंटानं जाता जाता सेठजींच्या प्रचारासाठी बाजारात उभारलेल्या कमानीवरचा झेंडूचा हार खाल्ला. कार्यकर्ते धावले. काठेवाडी हात जोडत म्हणाला, “भूखा है, साहब.”

मतदान झालं. मतमोजणीच्या दिवशी तहसील कचेरीबाहेर मी आणि मनोहर सकाळपासून उभे होतो. तुम्ही म्हणाल, पेंटरला पक्ष नसतो ना? नसतोच. पण माझे पाय तिथून हलत नव्हते. नदीपलीकडच्या गावांच्या पेट्या फुटल्या तेव्हा आतून कोणीतरी ओरडलं, “उंट! नुसता उंट!” लोकांनी टोप्या उडवल्या. मग इकडच्या मोठ्या गावांच्या पेट्या आल्या. दुपार कलली तसा गलका कमी होत गेला.

गुरुजी पडले. फार थोड्या मतांनी. आणि घोड्याला मिळालेली मतं त्या थोड्यापेक्षा जास्त होती.

मी आयुष्यात एखाद्या चित्रावर इतका रागावलो नव्हतो, जितका त्या घोड्यावर. मनोहर तर कचेरीच्या पायरीवर बसून रडला. गुरुजी बाहेर आले, सेठजींच्या गळ्यात हार घातला आणि लोकांना ऐकू जाईल असं म्हणाले, “पूल आता तुमचा. मी आठवण करून देत राहीन.”

दुसऱ्या दिवशी ते माझ्या दुकानात आले आणि चुन्याची बादली मागितली. दिलेला शब्द पाळायला निघाले होते, घरोघर उंट पुसायला. मी बादली दिली आणि मागोमाग गेलो. पहिलंच घर भागरथाबाईचं. गुरुजींनी ब्रश चुन्यात बुडवला, तशी ती दारातून बाहेर आली.

“काय करून राहिले?”

“उंट पुसतो. ठरलं होतं आपलं.”

“माही भिंत हाय. मी म्हनीन तेवा पुसा. आता राहू द्या. त्या सेठले बी येता-जाता दिसू द्या.”

आणि तसंच प्रत्येक घरी झालं. कोणी पुसू दिलं नाही. गुरुजी संध्याकाळी भरलेली बादली घेऊन परत आले. चेहऱ्यावर जे होतं, त्याला मी आनंदच म्हणेन.

मी ते उंट ऑइल पेंटचे काढले होते, पैसे गुरुजींच्या मित्रांनी वर्गणी करून दिले होते. त्यामुळे ते टिकले. सेठजी आमदार म्हणून गावोगाव हिंडायचे तेव्हा भिंतीभिंतीवरून उंट त्यांच्याकडे पाहायचा, आणि उंट दिसला की लोकांना पूल आठवायचा. पहिला प्रश्न पुलाचा. लग्नात गेले तरी, मयतीत गेले तरी. वैतागून त्यांनी एकदा मिलमध्ये मला बोलावलं.

“पेंटर, ते उंट पुसून टाक ना. माह्यातर्फे काम समज.”

“घरमालक पुसू देत नाहीत, सेठजी. मी विचारलं होतं.”

“मंग काय करू?”

“मी काय सांगू? मी पेंटर.”

त्यांनी थप्पीवरच्या पोत्यावर हात आपटला. मग म्हणाले, “मंग पूलच बांधा लागन, यार.”

हसण्यावारी नेऊ नका. सेठजींनी मुंबईच्या इतक्या खेपा केल्या, की मंत्रालयातले शिपाई त्यांना पाहून खुर्ची सरकवायचे. काही वर्षं लागली, पण पूल झाला. मुरूम पडला, खांब उभे राहिले, कठडे बसले. कठड्यांना पिवळे-काळे पट्टे मारायचं आणि ‘पुलावरून पाणी वाहत असताना वाहन नेऊ नये’ ही पाटी लिहायचं काम माझ्याकडे आलं.

उद्घाटन वैशाखात ठेवलं होतं. मंडप, खुर्च्या, पुलाच्या तोंडाशी लाल फीत. मंत्री यायचे होते. वेळ टळली, मंत्री आले नाहीत. ऊन चढलं. मी पाटीवरचा शेवटचा शब्द सुकवत उभा होतो. आणि नदीपलीकडून बँड ऐकू आला.

पलीकडच्या गावातली वरात होती. नवरदेव घोड्यावर, मागे बंड्या, बायका, आणि वरातीत पाहुणा म्हणून पायी चालणारे गुरुजी. लग्न या थडीवरच्या गावात होतं आणि मुहूर्त गाठायचा होता. वाळूतून जायचं तर बंड्यांना मोठा फेरा. वरात पुलावर चढली आणि फितीपाशी येऊन थांबली. पोलीस आडवा झाला. “मंत्रीसाहेब यायचे आहेत. उद्घाटन व्हायचं आहे.”

नवरदेवाचा मामा म्हणाला, “साहेबाचं उद्घाटन उद्या बी होईन जी. आमचा मुहूर्त टळून राहिला.”

बँड थांबला. सगळे सेठजींकडे पाहायला लागले. सेठजी मंडपातून उठले, रुमालानं मान पुसत फितीपाशी आले. कात्री तबकात होती, तिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. दोन्ही हातांनी फीत धरली आणि डोक्याच्या वर, जेवढी जाईल तेवढी, उचलून धरली.

“चला, चला. लवकर.”

नवरदेव घोड्यावर वाकून खालून गेला. बंड्या गेल्या. बायका पदर सावरत गेल्या, पोरं पळत गेली, बँडवाले भोंगे आडवे धरून गेले. सगळ्यांत शेवटी गुरुजी. ते फितीपाशी क्षणभर थांबले. सेठजींचे हात भरून आले होते.

“जा ना जी,” सेठजी म्हणाले, “हात दुखून राहिले माहे.”

गुरुजी वाकले आणि फितीखालून या काठावर आले. बँड पुन्हा सुरू झाला.